कॅन्सरचं दुखणं अंगावर काढायचं नसतं

सिस्टरनं मामांना विचारलं, "शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सोसवतच नाही. आज किती?"

मामा म्हणाले, "दोन."

मामा तालमीतले. खांदा निखळला तरी हूं की चूं न करता उठायचं, हे त्यांना पोरवयातच शिकवलेलं. गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. त्यावर रेडिएशनचा, म्हणजे आपल्याकडं ज्याला 'लाईट' किंवा 'शेक' म्हणतात त्याचा, तिसरा आठवडा चालू होता. तोंडातली आतली कातडी सोलून निघाली होती. मागच्या आठवड्यातही त्यांचं उत्तर दोनच होतं.

सिस्टरनं पेन खाली ठेवलं. "काल काय जेवला, मामा?"

"थोडं."

मामी मधेच बोलली, "परवापास्नं भात न्हाई गेला पोटात. थुंकीबी गिळत न्हाईत. टॉवेल घेऊन खुर्चीतच बसत्यात रातभर."

"मग मी किती लिहू, मामा?" सिस्टरनं पुन्हा विचारलं, आणि थांबली. घाई केली नाही. मामा बराच वेळ फरशीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आठ लिवा."

त्या दिवशी त्यांची औषधं बदलली. चौथ्या दिवशी ते आडवे होऊन झोपले.

मी २२ वर्षं औषधांच्या दुकानात बसतोय. कॅन्सरच्या पेशंटांच्या चिठ्ठ्या रोज हातात येतात, आणि चिठ्ठी घेऊन आलेल्या मुलाला, सुनेला, भावाला विचारलं की एकच उत्तर येतं: "त्रास हाय, पण केमो म्हटल्यावर व्हायचाच की." मामांच्या दुखण्यात हे वाक्य मी स्वतः एका दवाखान्यात ऐकलं आणि मान डोलावून परत आलो. नंतर वाचलं, विचारलं, शिकलो. त्यातलं बरंच काही औषधं विकणाऱ्या मला आधीच माहीत असायला हवं होतं. म्हणून हा लेख.

सगळ्यात आधी एक हिशेब. मामांना ६ आठवड्यांत ३० लाईट द्यायचे होते, आठवड्यातून ५ दिवस. डोक्यामानेच्या कॅन्सरमध्ये या वेळापत्रकात मोठा खंड पडला की उरलेल्या कॅन्सरच्या पेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते आणि उपचाराचा जोर कमी होतो. आता ज्याला गिळता येत नाही, तो खात नाही. खात नाही म्हणून वजन उतरतं, अंगात पाणी राहत नाही, चक्कर येते, आणि एके दिवशी तो म्हणतो, "आज न्हाई जात." बहुतेकदा खंड पडतो तो असा. म्हणजे तोंडातलं दुखणं थांबवणं हे मामांवर दया म्हणून करायचं काम नव्हतं. तिसावा लाईट पूर्ण व्हावा म्हणून ते करायचं होतं. त्रास कमी करणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि तो त्रास किती आहे हे फक्त पेशंटच सांगू शकतो. रक्ताच्या रिपोर्टमध्ये दुखणं उमटत नाही. स्कॅनमध्ये मळमळ दिसत नाही.

राजाराम बंधाऱ्यावरची पट्टी

पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी उठल्या उठल्या काय बघतो? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी किती फूट झालं ते. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत कुणी थांबत नाही. ३९ च्या जवळ आलं की जनावरं हलवायची, धान्य माळ्यावर टाकायचं, हे नदीकाठच्या घरांना सांगावं लागत नाही.

शून्य ते दहाची मोजपट्टी तशीच आहे. कॅनडातल्या एडमंटन शहरात १९९१ साली तयार झालेला एक साधा तक्ता जगभर वापरतात. दुखणं, थकवा, झोपाळूपणा, मळमळ, भूक, धाप, उदासी, काळजी आणि एकंदर कसं वाटतंय, या प्रत्येकाला शून्य ते दहा आकडा द्यायचा. साधारणपणे चारच्या पुढं गेलं की इशारा: पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखान्यात फोन करायचा. सातच्या पुढं धोका: त्याच दिवशी दाखवायचं.

हे ऐकायला फारच साधं वाटतं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयानं शरीरात पसरलेल्या कॅन्सरवर केमो घेणाऱ्या ७६६ पेशंटांवर याचा अभ्यास केला. काहींना नेहमीचीच देखभाल मिळाली. काहींनी घरबसल्या कॉम्प्युटरवर आपला त्रास नोंदवायचा आणि तो वाढला की नर्सला लगेच कळायचं, एवढीच व्यवस्था. २०१७ साली निकाल छापला गेला. नोंद करणाऱ्या गटाचं मध्यम आयुष्यमान, म्हणजे गटातले निम्मे पेशंट ज्याच्या पुढं जगले तो आकडा, ३१.२ महिने निघालं, दुसऱ्या गटाचं २६. औषध नवं नव्हतं, मशीन नवं नव्हतं. त्रास वेळेवर सांगितला गेला आणि तो ऐकून कुणीतरी वेळेवर हललं.

आपल्याकडं कॉम्प्युटर लागत नाही. शंभर पानी वही पुरते.

दुखण्याची गोळी घड्याळ बघून

उसाला पाणी आपण पाळीनं देतो. पानं वाळल्यावर पाटाकडं धावत नाही. दुखण्याच्या गोळीचं गणित तेच आहे. पण घरोघरी चालतं उलटं: "अगदीच राहवलं नाही तर घ्या." दुखणं एकदा पेटलं की तीच गोळी कमी पडते, मग माणूस म्हणतो गोळीचा उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ साली कॅन्सरच्या दुखण्यासाठी जी पद्धत सांगितली, तिचा गाभा हाच: जमेल तोवर तोंडानं, घड्याळाप्रमाणं, आणि दुखण्याच्या जोराप्रमाणं पायरी चढत. पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉलसारखी औषधं, मग ट्रॅमाडॉलसारखी, मग मॉर्फिन. दुखणं मुळातच तीव्र असेल तर डॉक्टर थेट मॉर्फिनच्या छोट्या मात्रेपासूनही सुरुवात करतात.

दुखण्याच्या जाती असतात, हेही सांगायला पाहिजे. "दुखतंय" एवढंच सांगितलं तर डॉक्टरांना अर्धंच कळतं. ठणका आहे, की चटका बसतो, की विजेचा झटका लागल्यासारखं होतं, की मुंग्या येतात? ऑपरेशननंतर मामांच्या कानामागं झिणझिण्या यायच्या. ते नसेचं दुखणं. त्याला गॅबापेन्टिनसारखं वेगळं औषध लागतं, नुसत्या वेदनाशामकानं ते पुरतं हटत नाही. कॅन्सर हाडात पसरून दुखत असेल तर त्या जागेवर कित्येकदा एकच लाईट देऊनही आराम पडतो. कारण ओळखलं की इलाज निघतो.

मॉर्फिनचं नाव काढलं की घरात शांतता पसरते. "म्हणजे आता काही उरलं नाही?" हा प्रश्न मला काउंटरवर किती वेळा विचारला गेला असेल, मोजदाद नाही. मॉर्फिन दुखण्याच्या जोरावर दिलं जातं, किती दिवस उरलेत यावर नाही. मामांना ते तिसऱ्या आठवड्यात सुरू झालं. लाईट संपून तोंडाच्या जखमा भरल्या तसतशी मात्रा उतरवत नेली आणि दीड महिन्यानं ते बंद झालं. साधी मॉर्फिनची गोळी साधारण ४ तास काम करते, म्हणून ती दर ४ तासांनी असते. मधेच उसळी मारणाऱ्या दुखण्यासाठी एक जादा मात्रा लिहून दिलेली असते. व्यसन लागेल ही भीतीही मोठी आहे. दुखण्यासाठी, ठरलेल्या मात्रेत, डॉक्टरांच्या नजरेखाली घेतलं तर तो धोका कमी असतो. शरीराला सवय होते हे खरं, म्हणून आपल्या मनानं एकदम बंद करायचं नाही. पहिले दोनचार दिवस गुंगी आणि मळमळ होते, ती बहुतेकांची ओसरते. गुंगी वाढतच गेली, उठवलं तरी नीट जाग येईना किंवा श्वास फार मंद वाटला, तर मात्र पुढची गोळी न देता लगेच दवाखाना. किडनीचा त्रास असलेल्यांना मात्रा जपून ठरवावी लागते. आणि गोळ्या कुलपात ठेवायच्या, पोरांच्या हाताला लागता कामा नयेत.

ओसरत नाही ती एकच गोष्ट, बद्धकोष्ठ. मॉर्फिन आतड्याची हालचाल मंदावतं, आणि जोपर्यंत गोळी चालू तोपर्यंत हे चालू. म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्याच दिवशी सोबत सुरू करायचं. चिठ्ठीवर मॉर्फिन आहे आणि पोट साफ होण्याचं औषध नाही, असं दिसलं तर डॉक्टरांना जरूर विचारा. इथं घरगुती इसबगोल कामाला येत नाही. तो पाणी शोषून फुगतो, आणि आतडंच ढकलत नसेल तर उलट अडकून बसतो. चार दिवस पोट साफ झालं नाही म्हणून जेवण तोडलेले, आणि "कॅन्सर पोटात गेला" म्हणून रडणारे लोक मी बघितलेत.

मॉर्फिन माझ्या दुकानात मिळत नाही. आपला देश मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात कायदेशीर अफू पिकवतो, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, जगाला कच्चा माल जातो. आणि आपल्याच पेशंटला वर्षानुवर्षं गोळी मिळत नव्हती. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं परवान्यांची अशी साखळी तयार केली की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. तिरुवनंतपुरमच्या पॅलियम इंडियाचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी वर्षं घालवल्यावर २०१४ साली कायदा सुधारला. आता राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता असलेलं रुग्णालय मॉर्फिन ठेवू आणि देऊ शकतं. तेव्हा आपण जिथं उपचार घेतो तिथं ही मान्यता आहे का, नसेल तर जवळ कुठं आहे, हे दुखणं वाढायच्या आधी विचारून ठेवा. रात्री दोन वाजता हा शोध घेण्यासारखा नसतो.

चटणीशिवाय आमटी

आपल्या घरात कांदा-लसूण चटणी नसलेली आमटी म्हणजे आजाऱ्याचं जेवण. मामांसारख्या पेशंटला मात्र चटणीचा एक कणही निखाऱ्यासारखा लागतो. लाईट किंवा काही केमोमुळं तोंड येतं, कारण तोंडाच्या आतली कातडी भरभर नवी होणारी असते, आणि हे उपचार भरभर वाढणाऱ्या पेशींनाच जास्त मारतात. लाईटमध्ये साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हे सुरू होतं आणि संपल्यावरही काही आठवडे राहतं. म्हणजे कधी येणार हे आधीच माहीत असतं. मग तयारीही आधी करता येते.

मऊ ब्रश. मीठ आणि खायच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं दिवसातून चारसहा वेळा चुळा. दुकानातलं तोंड धुवायचं औषध घ्यायचं तर त्यात अल्कोहोल नको, आग होते. बेन्झिडामाइनची चूळ डॉक्टर लिहून देतात ती सोसवते. जेवणाआधी तोंड बधिर करणारं जेल मिळतं, फक्त ते लावल्यावर गरम-गार कळत नाही, म्हणून घास हाताच्या पाठीवर टेकवून बघायचा. आणि लाईट सुरू व्हायच्या आधी दाताच्या डॉक्टरांना दाखवायचंच. किडका दात नंतर काढायला गेलं तर लाईट लागलेल्या जबड्याची जखम भरत नाही, हाडच खराब होऊ शकतं. ही गोष्ट घाईत राहून जाते आणि पुढं फार महागात पडते.

मामीनं एक युक्ती शोधली. पांढरा रस्सा करायचा, पण मिरं, मिरची, आलं काही नाही. मटणाचं सूप, नारळाचं दूध, काजूची पेस्ट, थोडं तूप. दोनदा गाळायचा आणि कोमट करून चमच्यानं द्यायचा. रोजची आमटी-भात मिक्सरमधून काढायची. नाचणीची आंबील, ताक, मऊ शिजवलेलं अंडं. त्या दिवसांत शरीराला प्रथिनं आणि उष्मांक दोन्ही जास्त लागतात. "साखरेनं कॅन्सर वाढतो" म्हणून कुणीतरी सांगितलं आणि घरच्यांनी गोड, दूध, भात सगळं तोडलं, अशी माणसं माझ्याकडं टॉनिक मागायला येतात. वजन उतरणाऱ्या पेशंटचं खाणं तोडणं हे मला बघवत नाही. मधुमेह असेल तर डॉक्टर सांगतील तसं, बाकीच्यांनी जे जाईल ते खावं.

काहीच जात नसेल तर नाकातून पोटात नळी घालतात. नळी म्हणजे शेवट, असं समजून मामांनी दोन दिवस नकार दिला. डॉक्टरांनी त्यांना समजावलं की हा तात्पुरता साकव आहे, पलीकडं गेल्यावर काढायचा. 'साकव' हा शब्द त्यांना पटला. सात आठवड्यांनी नळी निघाली.

एक गोष्ट खास कोल्हापूरसाठी. आपल्याकडं कट्ट्यावर म्हैस पिळून डोळ्यांसमोर धारोष्ण दुधाचा पेला हातात मिळतो, आणि आजारी माणसाला ताकद यावी म्हणून तोच पेला प्रेमानं पाजला जातो. केमो चालू असताना हे करू नका. केमोनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, आणि कच्च्या दुधातले जंतू एरवी बहुतेकदा पचून जातात ते तेव्हा पचत नाहीत. दूध म्हशीचंच द्या, पण उकळून.

ताप: इथं थांबायचं नाही

बाकीच्या बऱ्याच त्रासांत एखादा दिवस इकडंतिकडं चालतो. यात चालत नाही. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. तेव्हा १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर काही तासांत दवाखान्यात पोचून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. लढायला पेशीच नसतात, त्यामुळं पू होत नाही, सूज दिसत नाही, फक्त ताप दिसतो. दुकानात येऊन "अंग मोडून आलंय, एक गोळी द्या" म्हणणाऱ्याला मी आता आधी विचारतो, घरात कुणाची केमो चालू आहे का? पॅरासिटामॉल घेऊन झोपलं की ताप झाकला जातो आणि रात्र हातची जाते.

थर्मामीटर घरात हवा. चंदगड, आजरा, गगनबावड्याकडच्या माणसांनी गाडी कुणाची न्यायची, फोन कुणाला करायचा, हे केमोच्या आदल्या दिवशीच ठरवून ठेवावं. आणि पावसाळ्यात आठवडाभराची औषधं जास्तीची घरात असू द्यावीत. २०१९ ला आणि २०२१ ला रस्ते कसे बंद झाले होते, ते आपण विसरलेलो नाही.

उलटीबद्दल थोडक्यात. उलटीची औषधं उलटी व्हायच्या आधी घ्यायची असतात. केमोच्या दिवशी बरं वाटलं म्हणून घरी दिलेल्या गोळ्या न घेणारे तिसऱ्या दिवशी बेजार होतात, कारण उशिरा येणारी मळमळ हा वेगळा प्रकार आहे आणि त्याचं औषध वेगळं आहे. ओलान्झापीन नावाची गोळी मिळाली तर घाबरू नका. मोबाईलवर शोधल्यावर ती मानसिक आजाराची निघते आणि लोक रागानं माझ्याकडं परत करायला येतात. छोट्या मात्रेत ती मळमळीवर फार चांगली चालते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी २०२४ साली दाखवून दिलं की १० ऐवजी २.५ मिलिग्रॅमनंही तेवढाच गुण येतो आणि गुंगी कमी येते.

थकव्याचा मात्र उलटा न्याय आहे. हा थकवा झोपून जात नाही. डॉक्टरांनी मोकळीक दिली असेल तर रोज थोडं चालणं हा त्यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. मामा आधी अंगणात दहा फेऱ्या मारायचे, मग रंकाळ्यावर एक बाक ते दुसरा बाक. रक्त कमी आहे का, थायरॉइड कमी आहे का, हे मात्र तपासून घ्यावं. आणि काढे, चूर्णं, भस्मं काहीही चालू असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना लपवू नका. काही वनस्पती केमोचं औषध शरीरात वाढवतात किंवा घटवतात. ते रागावतील, रागावू द्या.

पाकिटावरचं नाव

"गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव खरवडून द्या, यांना कळायला नको." महिन्यातून एकदा तरी हे ऐकतो. मागणारा मुलगा असतो किंवा मुलगी, डोळ्यांत पाणी असतं. प्रेमापोटीच ते चाललेलं असतं. पण आत पेशंटला बहुतेक वेळा कळलेलं असतं. त्याला कळलंय हे घरच्यांना माहीत नसतं, आणि मग एकाच खोलीत दोघंही एकमेकांपासून लपवत बसतात. त्याला सोसायटीच्या कर्जाबद्दल बोलायचं असतं, धाकटीच्या लग्नाबद्दल बोलायचं असतं, बोलता येत नाही.

लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या पेशंटांची सेवा करणारं रुग्णालय, उभं करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर. त्यांनी 'समग्र वेदना' ही कल्पना मांडली: शरीराचं दुखणं, मनाचं दुखणं, घरचं-पैशाचं दुखणं आणि 'माझ्याच वाट्याला का' हे दुखणं, चारही एकमेकांत विणलेली असतात. उसाचं बिल अडकलं असेल तर त्या रात्री गोळी कमी पडते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून चांगले डॉक्टर पेशंटला सरळ विचारतात, "तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल किती जाणून घ्यायचंय? सगळं मला सांगू की मुलाला?" कुणी म्हणेल सगळं सांगा, कुणी म्हणेल पोराला सांगा. दोन्ही उत्तरं चालतात. विचारलंच नाही, तर ते चालत नाही.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंना छातीच्या कॅन्सरची केमो दर २१ दिवसांनी होती. एका भेटीत डॉक्टरांनी विचारलं, "पुढच्या महिनाभरात तुम्हाला काय करायचं आहे?" काकू लाजल्या. मग म्हणाल्या, चैत्र पौर्णिमेला जोतिबाला गावची सासनकाठी निघते, ती निघताना मला वेशीपर्यंत जायचंय. तारखा बघितल्या तर तो दिवस नेमका केमोनंतरच्या नवव्या दिवशी येत होता, पेशी सर्वांत खाली असतानाचा. डॉक्टरांनी रक्त तपासून केमो चारपाच दिवस पुढं ढकलली, म्हणजे काठीच्या दिवशी पेशी अजून तळाला गेलेल्या नसतील. डोंगरावरच्या गर्दीत जायचं नाही, गुलालापासून लांब राहायचं, हे काकूंनीही कबूल केलं. त्या वेशीत खुर्चीवर बसून राहिल्या, काठी पुढं आली तशा उठून उभ्या राहिल्या आणि "चांगभलं" म्हणाल्या. प्रत्येक उपचारात तारीख अशी हलवता येत नाही, मामांच्या लाईटची तर येतच नव्हती. ती हलवता येते का हे विचारायला मात्र हवं.

या सगळ्याला वैद्यकशास्त्रात पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, मराठीत उपशामक सेवा किंवा परिहार सेवा. "आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या" असा तिचा अर्थ आपल्याकडं लावला जातो. तो चुकीचा आहे. ती उपचारासोबत पहिल्या दिवसापासून असू शकते. अमेरिकेत बोस्टनच्या डॉक्टरांनी फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ पेशंटांवर केलेला अभ्यास २०१० साली आला. ज्यांना सुरुवातीपासून ही सेवा मिळाली ते कमी उदास होते, शेवटच्या दिवसांत त्यांच्यावर जोरकस उपचारांचा मारा कमी झाला, आणि त्यांचं मध्यम आयुष्यमान ११.६ महिने होतं, बाकीच्यांचं ८.९. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं, जगात गरज असलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के लोकांनाच ही सेवा मिळते. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस १९८६ साली सुरू झालं. म्हणजे ही गोष्ट आपल्या राज्याला नवी नाही.

पूर्वी कोल्हापूरचा पेशंट महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रभर बसून टाटाला जायचा. आता केमो आणि लाईट इथंही मिळतात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागं वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात, आणि योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो, त्याला आधी गाठा. मुंबईहून उपचार चालू असतील तरी त्रासासाठी जवळचा डॉक्टर धरून ठेवा आणि मुंबईची फाईल त्याला दाखवून ठेवा.

आणि तपासणीला जाताना वही न्या. आत गेल्यावर पाच मिनिटं मिळतात आणि माणूस "बरं हाय" म्हणून बाहेर येतो. सर्वांत जास्त छळणाऱ्या तीन गोष्टी वरच्या बाजूला लिहा आणि बसल्या बसल्या त्याच आधी सांगा, रिपोर्ट नंतर. मामांची वही मामी लिहायची, चौथीपर्यंतच्या शिक्षणावर, पेन्सिलनं. औषध बदलल्याच्या दुसऱ्या दिवशीचं एक पान माझ्याकडं आहे:

"रात्री ३ ला उठले. पाणी गिळताना ७. जादा गोळी दिली. साडेतीनला ४. मग झोपले. सकाळी रस्सा अर्धी वाटी. पोट साफ नाही, दुसरा दिवस."

डॉक्टरांनी ते पान वाचलं आणि रात्रीची मात्रा वाढवली. पोट साफ होण्याचं औषधही दुप्पट केलं.